सेमिनरीचा इतिहास लिहायला घेताना

सेमिनरीच्या, म्हणजे ख्रिस्ती पाळक आणि याजक घडवणाऱ्या संस्थेच्या, सुवर्णमहोत्सवाला किंवा शताब्दीला वर्ष-दीड वर्ष उरले की व्यवस्थापन समितीच्या बैठकीत स्मरणिकेचा विषय निघतो, आणि ज्यांचे मराठी बरे आहे असा सर्वांचा समज असतो त्या शिक्षकांच्या किंवा निवृत्त पाळकांच्या गळ्यात इतिहासलेखनाचे काम पडते. हाती सहसा जुन्या स्मरणिकांचा गठ्ठा, प्राचार्यांच्या तसबिरी आणि कोनशिलांवरील मजकूर एवढेच येते. एवढ्या सामग्रीवरून जो इतिहास उभा राहतो तो नाव बदलून कोणत्याही सेमिनरीला चिकटवता येतो: लहान रोपट्याचा वटवृक्ष झाला, अमुक प्राचार्यांच्या काळात वसतिगृह बांधले, तमुक प्राचार्यांच्या काळात ग्रंथालयाला नवी जागा मिळाली. संस्था कुठे अडली, कुठे वळली, कोणत्या वर्षी बंद पडण्याच्या बेतात आली, हे त्यातून कळत नाही. मी असे काम दोनदा केले आहे. पहिल्यांदा ते वाईट केले, आणि त्यातल्या चुका पुढे सांगणारच आहे.

माझ्या अनुभवाने सेमिनरीची वाढ समजून घ्यायची तर चार प्रश्न पुरतात. तिथे कोण शिकले, कोणत्या भाषेत शिकले, कोणाच्या पैशावर शिकले, आणि शिकून झाल्यावर पदवी किंवा प्रमाणपत्र कोणाच्या अधिकाराने मिळाले? या चारांपैकी एखाद्याचे उत्तर ज्या वर्षी बदलले, ते वर्ष संस्थेच्या इतिहासात महत्त्वाचे. मग त्या वर्षी एकही वीट रचली गेली नसली तरी चालेल. हे कसे करायचे ते दाखवण्यासाठी मी श्रीरामपूर कॉलेजचे उदाहरण घेतो, कारण भारतातील प्रोटेस्टंट ईश्वरविज्ञानाच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या, शिक्षणाचा बराचसा डोलारा आजही त्याच्या सनदेवर उभा आहे आणि त्याच्या पायात मराठीचाही एक दगड आहे.

आधी एक खुलासा करणे भाग आहे. आपल्याकडे श्रीरामपूर म्हटले की अहिल्यानगर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव डोळ्यांपुढे येते. इथे अभिप्रेत आहे ते बंगालमधील, हुगळीच्या पश्चिम तीरावर बराकपूरच्या समोर वसलेले श्रीरामपूर, जे १७५५ पासून डेन्मार्कच्या ताब्यात होते आणि डेनिश लोक ज्याला आपल्या राजाच्या नावावरून फ्रेडरिक्सनगर म्हणत. नावाचा असा घोळ तुमच्याही संस्थेच्या कागदांत असू शकतो. गावाची, मिशनची आणि खुद्द सेमिनरीची नावे काळानुसार बदललेली असतात, म्हणून पहिल्याच दिवशी वहीच्या पहिल्या पानावर सर्व जुन्या-नव्या नावांची यादी करून ठेवावी.

स्थापनेचे वर्ष कोणते?

समितीला एकच वर्ष हवे असते, कारण त्यावर सोहळ्याची तारीख ठरलेली असते. कागदपत्रे मात्र सहसा चार-पाच वर्षे पुढे करतात. श्रीरामपूरचेच पाहा. विल्यम कॅरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड या इंग्रज बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनी तिथे एकत्र काम सुरू केले ते १८०० साली. कॉलेजची योजना त्यांनी प्रसिद्ध केली १८१८ साली, आणि त्याच वर्षी ३७ विद्यार्थ्यांनिशी शिकवणे सुरू झाले. पदव्या देण्याचा अधिकार देणारी सनद डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक याने दिली ती २३ फेब्रुवारी १८२७ रोजी. ईश्वरविज्ञानाचा उच्च विभाग पुन्हा उभा राहिला १९१० साली, आणि अभ्यासक्रम व परीक्षा पाहणारी आजची सेनेट अस्तित्वात आली ती बंगालच्या विधिमंडळाने केलेल्या १९१८ च्या कायद्यामुळे. कॉलेज स्वतः १८१८ मानते आणि ते योग्यच आहे. पण सेनेटचा इतिहास लिहिणाऱ्याने १८१८ पासून सलग शंभर-दोनशे वर्षे मोजली, तर तो वाचकाची फसवणूक करील.

स्थलांतर झालेल्या संस्थांत ही अडचण आणखी ठळक होते. पुण्यातील पेपल सेमिनरी ही पोप तेरावे लिओ यांनी १८९३ साली श्रीलंकेतील कँडी येथे स्थापन केलेली संस्था, जी १९५५ साली पुण्यात आली. युनियन बिब्लिकल सेमिनरीने १९५३ मध्ये यवतमाळला आकार घेतला आणि १९८३ साली ती पुण्यात बिबवेवाडीला हलली. गोव्यातील राशोलच्या सेमिनरीची गोष्ट वेगळी आहे. तिथली वास्तू १६१० पासूनची, जेजुइटांच्या, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाच्या, कॉलेजची. १७५९ मध्ये पोर्तुगीज सत्तेने जेजुइटांना घालवून दिल्यावर ती धर्मप्रांताच्या याजकांची सेमिनरी झाली. एकच इमारत आणि दोन संस्था, किंवा एकच संस्था आणि दोन गावे: यांपैकी तुमचा प्रकार कोणता, हे प्रकरण पहिले लिहिण्याआधी ठरवावे आणि वाचकालाही उघड सांगावे. स्थापनेचे वर्ष ठरवताना मी एक साधी कसोटी लावतो. पहिला विद्यार्थी कोणाच्या नावाने दाखल झाला, ते पाहावे. त्या दिवशी जी संस्था होती तिच्यापासून मोजावे आणि त्याआधीच्या वर्षांना पूर्वपीठिका म्हणावे.

मी पहिल्या खेपेला ही चूक केली होती. एका सेमिनरीच्या दर्शनी भिंतीतल्या कोनशिलेवरचे वर्ष मी स्थापनावर्ष म्हणून छापले. स्मरणिका वाटून झाल्यावर एक वयोवृद्ध पाळक हातात प्रत घेऊन आले आणि शांतपणे म्हणाले, “मास्तर, त्या वर्षी मी तिथं दुसऱ्या वर्गात होतो.” कोनशिला इमारतीची होती, सेमिनरी त्याआधी भाड्याच्या बंगल्यात आठ वर्षे चालली होती आणि त्या आठ वर्षांतले सगळे विद्यार्थी माझ्या इतिहासातून गळाले होते.

चार रकान्यांचा तक्ता

लेखनाला बसण्याआधी मोठ्या कागदावर वर्षांचा तक्ता करावा. डावीकडे वर्ष, आणि पुढे चार रकाने: विद्यार्थी, भाषा, पैसा, पदवी. प्रत्येक नोंदीपुढे ती कोणत्या कागदातून घेतली हे पेन्सिलीने लिहावे. तक्ता भरताना इमारती, भेटी, उद्घाटने यांच्यासाठी रकाना ठेवू नये, म्हणजे मोह होणार नाही. आता श्रीरामपूरचा तक्ता भरून पाहू.

विद्यार्थ्यांच्या रकान्यात पहिलीच नोंद विचार करायला लावते. १८१८ ची योजना केवळ ख्रिस्ती तरुणांसाठी नव्हती. आशियातील ख्रिस्ती आणि इतर तरुणांना पौर्वात्य वाङ्मय आणि युरोपीय विज्ञान शिकवावे असा तिचा उद्देश होता, आणि पहिल्या ३७ विद्यार्थ्यांत हिंदू मुलेही होती. १८३३ साली केलेल्या नियमावलीत जात, वर्ण किंवा देश यांपैकी काहीही प्रवेशाच्या आड येणार नाही असे स्पष्ट लिहिले आहे. मंडळ्यांसाठी, म्हणजे स्थानिक ख्रिस्ती उपासक-समूहांसाठी, देशी पुढारी तयार करायचे असतील तर त्यांनी आपल्या समाजाचे वाङ्मय इतरांच्या बरोबरीने जाणले पाहिजे, ही त्यामागची धारणा होती. तुमच्या सेमिनरीच्या पहिल्या माहितीपत्रकात किंवा घटनेत प्रवेशाबद्दल काय लिहिले आहे ते शब्दशः उतरवून घ्यावे; पुढे कोणत्या वर्षी ते शब्द बदलले, तेही पाहावे.

भाषेच्या रकान्यात १८१८ च्या पुढे संस्कृत येते, आणि इंग्रजीही येते. पण बंगालीला मिळालेली जागा पाहण्यासारखी आहे. जॉन मॅक हे स्कॉटिश शिक्षक तिथे रसायनशास्त्र शिकवत आणि १८३४ मध्ये त्यांचे रसायनशास्त्राचे पुस्तक बंगालीतून छापले गेले. भारतीय भाषांतून विज्ञान शिकवता येते की नाही यावर आपण आजही वाद घालतो, हे सहज आठवले म्हणून लिहिले. महाराष्ट्रातील सेमिनऱ्यांचा इतिहास लिहिणाऱ्याने हा रकाना सर्वांत काळजीने भरावा असे मला वाटते. शिकवणे मराठीतून इंग्रजीकडे कधी गेले, त्यामुळे कोणते विद्यार्थी येऊ लागले आणि कोणते येईनासे झाले, हा प्रश्न विचारला की खेड्यातल्या मंडळ्यांना पाळक का मिळत नाहीत या जुन्या तक्रारीचे एक उत्तर अनेकदा तिथेच सापडते.

पैशाच्या रकान्यात मराठीचा तो दगड आहे. कॅरी यांना १८०१ पासून कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवण्याची नोकरी होती. सुरुवातीला दरमहा ५०० रुपये आणि प्राध्यापक झाल्यावर दरमहा १,००० रुपये असा त्यांचा पगार होता. बंगाली आणि संस्कृतबरोबर ते मराठीही शिकवत. त्याच गरजेतून १८०५ साली त्यांचे मराठीचे व्याकरण आणि १८१० साली मराठी-इंग्रजी कोश श्रीरामपूरच्या छापखान्यात तयार झाला, आणि या कामात त्यांच्यामागे वैजनाथ पंडित उभे होते. रघूजी भोसल्यांची वंशावळ मराठीत छापली गेली तीही तिथेच, १८१६ साली. कॅरी यांचा पगार, मार्शमन पतिपत्नींच्या शाळांचे उत्पन्न आणि वॉर्ड यांच्या छापखान्याची कमाई एका सामायिक फंडात जाई. तिघे स्वतःसाठी अगदी थोडे ठेवत आणि बाकीच्यातून मिशन चाले. कॉलेजची भव्य इमारत बहुतांशी या कमाईवर उभी राहिली. म्हणजे हुगळीकाठच्या त्या खांबांमध्ये मराठी शिकवून मिळालेले काही रुपये नक्कीच आहेत. प्रवेशद्वाराचे लोखंडी फाटक आणि आतला ओतीव लोखंडाचा जिना मात्र डेन्मार्कच्या राजाची भेट. प्रेक्षक जिन्याचे फोटो काढतात. इतिहास लिहिणाऱ्याने पगाराचा आकडा टिपावा.

हाच रकाना पुढे संकटही दाखवतो. १८३० साली कलकत्त्यातील पामर आणि कंपनी ही पेढी बुडाली, पाठोपाठ इतर पेढ्याही बुडाल्या, आणि मिशनचे तिथे असलेले पैसे गेले. त्याच सुमारास फोर्ट विल्यम कॉलेजातील जागा रद्द होऊन कॅरींचा पगारही थांबला. त्याआधी १८२७ मध्ये इंग्लंडमधील बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटीशी मालमत्तेच्या आणि अधिकाराच्या प्रश्नावरून फारकत झालेली होती. एकामागून एक आलेल्या या तीन घटना वेगवेगळ्या प्रकरणांत विखरून लिहिल्या तर प्रत्येक किरकोळ वाटते. एका रकान्यात एकाखाली एक आल्या की संस्थेचा श्वास कुठे कोंडला ते दिसते.

रिकामी जागा आधी वाचावी

पदवीचा रकाना भरायला घेतला की श्रीरामपूरच्या इतिहासातील सर्वांत विलक्षण गोष्ट समोर येते. सनद १८२७ ची. तिने कॉलेजला कोपनहेगन आणि कील येथील विद्यापीठांच्या तोडीचा पदवीदानाचा अधिकार दिला होता. त्या अधिकाराने दिलेली ईश्वरविज्ञानाची पहिली बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) पदवी मात्र डिसेंबर १९१५ ची, आणि ती मिळाली तीन विद्यार्थ्यांना. मधे ८८ वर्षे गेली. तक्त्यात हा रकाना ८८ वर्षे कोरा राहतो.

उत्सवी इतिहासात ही कोरी जागा एका वाक्यात ओलांडली जाते: “१८२७ साली सनद मिळाली व पुढे १९१५ मध्ये पदव्या दिल्या गेल्या.” त्या “व पुढे” या दोन शब्दांत खरा इतिहास असतो, म्हणून तिथे थांबून प्रत्येक कारण शोधावे. श्रीरामपूरच्या बाबतीत ती सापडतात. वॉर्ड १८२३ मध्ये, कॅरी १८३४ मध्ये आणि मार्शमन १८३७ मध्ये वारले. डेन्मार्कने १८४५ साली आपल्या भारतातील वसाहती साडेबारा लाख रुपयांना इंग्रजांना विकल्या; तहात कॉलेजचे सनदी हक्क कायम राहतील असे कलम होते, पण सनद देणारी सत्ताच निघून गेली होती. १८५७ मध्ये कलकत्ता विद्यापीठ निघाल्यावर कॉलेज त्याला जोडले गेले, आणि स्वतःच्या पदवीची निकड उरली नाही. १८८३ साली मिशनने कला शाखा बंद केली आणि मागे ख्रिस्ती कार्यकर्त्यांची साधी प्रशिक्षणशाळा उरली. कागदोपत्री विद्यापीठ आणि प्रत्यक्षात शाळा, अशी अवस्था जवळजवळ पाव शतक टिकली.

जॉर्ज हॉवेल्स विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात प्राचार्य झाले तेव्हा त्यांनी नवे काही मागितले नाही. जुनी सनद वापरात आणायची, एवढाच आग्रह धरला. तोही एका पंथापुरता नव्हता. १९१८ च्या कायद्याने कॉलेजच्या कौन्सिलमध्ये बॅप्टिस्टांव्यतिरिक्त इतर मंडळ्यांच्या प्रतिनिधींना जागा मिळाली आणि अभ्यासक्रम, परीक्षा यांसाठी सेनेट निर्माण झाली. पुढे देशभरातील सेमिनऱ्या या सेनेटशी संलग्न होत गेल्या आणि आज त्यांची संख्या पन्नासच्या पुढे आहे. पुण्याची युनियन बिब्लिकल सेमिनरी त्यांतलीच. म्हणून महाराष्ट्रातल्या एखाद्या पाळकांच्या दिवाणखान्यात टांगलेल्या बी.डी.च्या पदवीपत्रावर श्रीरामपूरचे नाव असते आणि त्यामागे एका डेनिश राजाची सही असते. तुमची सेमिनरी संलग्न असेल तर संलग्नतेचे वर्ष तक्त्यात ठळक करावे, कारण त्या वर्षापासून तुमचा अभ्यासक्रम तुमच्या एकट्याचा राहिला नाही. काय शिकवणे त्या वर्षी बंद झाले, हेही विचारावे. भजनी मंडळासारखी कीर्तन-भजनाची तालीम किंवा शेतीचे तास अशा गोष्टी परीक्षेत नसल्यामुळे हळूच गळतात आणि त्यांची नोंद कोणीच ठेवत नाही.

कागद कुठे आणि कसे पाहावेत

सर्वांत आधी प्रवेशाची नोंदवही मागावी, इतिवृत्तांची वही त्यानंतर, आणि वार्षिक अहवाल शेवटी. बहुतेक जण याच्या उलट करतात. अहवाल देणगीदारांसाठी लिहिलेला असतो, म्हणून त्यात सगळे ठीक चाललेले असते; इतिवृत्तात वाद असतो, पण तो सौम्य केलेला असतो; नोंदवहीत मात्र कारकुनाने कोणाला खूश करण्यासाठी काही लिहिलेले नसते. दुसऱ्या खेपेला मी एका सेमिनरीची अशी वही पाहिली. कसर लागलेली, पाठीला कापडी पट्टी, आणि शेवटचा रकाना ‘शेरा’. त्या रकान्यात “पत्नी आजारी, रजेवर”, “फी बाकी”, “परत आला नाही” असे दोन-दोन, तीन-तीन शब्द होते. दुष्काळाच्या एका वर्षी सलग सात नावांपुढे “गावी गेला” असे लिहिलेले आढळले. त्या वर्षीच्या छापील अहवालात “कामाची समाधानकारक प्रगती” असे होते. सातांपैकी किती परतले हे पुढच्या वर्षीच्या पानांवरून मोजता आले, आणि स्मरणिकेतले माझे एक अख्खे प्रकरण त्या मोजणीतून निघाले.

अशी वही हाताळताना पाने ओल्या बोटाने उलटू नयेत, झेरॉक्सच्या काचेवर ती उलथी दाबू नये. खिडकीजवळ ठेवून मोबाइलने प्रत्येक पानाचा फोटो काढावा आणि फोटोच्या नावात वही क्रमांक व पान क्रमांक लिहावा. हिशेबाची कीर्द आणि खतावणी मिळाली तर सोडू नये. खानावळीचा खर्च, पेट्रोमॅक्सचे रॉकेल, विद्यार्थ्यांच्या बायकांच्या वर्गासाठी घेतलेल्या पाट्या, यांतून संस्थेचा दिवस कळतो.

एकोणिसाव्या शतकातील आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या पत्रांत मोडी लिपी भेटेल. ती वाचता येत नसेल तर अंदाजाने काम भागवू नये. मोडी वाचणारे जाणकार पुण्या-मुंबईत आणि जिल्ह्याच्या ठिकाणीही आहेत, त्यांना योग्य मोबदला देऊन लिप्यंतर करून घ्यावे. मराठी ख्रिस्ती समाजाच्या बातम्यांसाठी ‘ज्ञानोदय’चे जुने अंक पाहावेत, १८४२ साली अहमदनगरला सुरू झालेल्या या नियतकालिकात नेमणुका, मेळावे, मृत्युलेख असे पुष्कळ सापडते. श्रीरामपूरसंबंधी मूळ कागद हवे असतील तर तिथल्या कॉलेजच्या आवारातील कॅरी ग्रंथालय व संशोधन केंद्राकडे विचारणा करावी. परदेशी मिशनशी संबंध असलेल्या संस्थांची पत्रे त्या मिशनच्या देशातल्या संग्रहांत असतात, आणि तिकडून उत्तर यायला महिने लागू शकतात. म्हणून ते पत्र पहिल्या आठवड्यातच टाकावे.

माणसांना विचारताना

निवृत्त प्राचार्यांची मुलाखत सगळेच घेतात. तेवढ्यावर न थांबता खानावळीत स्वयंपाक केलेल्या बाई, रखवालदार, आणि विवाहित विद्यार्थ्यांबरोबर आवारात राहिलेल्या त्यांच्या पत्नी यांच्याकडेही जावे. “सेमिनरीबद्दल काही सांगा” असे विचारले की माणसे उपदेशाच्या सुरात बोलू लागतात. त्याऐवजी नेमके विचारावे: आजी, तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा सोबत काय सामान होतं? खोलीत चूल होती की स्टोव्ह? काका, परीक्षेचा पेपर मराठीत मिळायचा का? अशा प्रश्नांना खरी उत्तरे येतात. एका आजींनी मला सांगितले की त्यांच्या नवऱ्याचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा होता आणि त्यांचा स्वतःचा “भाकऱ्या थापण्याचा”ही तीन वर्षांचाच. प्रमाणपत्र फक्त एकाला मिळाले. हे वाक्य मी त्यांच्या परवानगीने जसेच्या तसे छापले. मुलाखत घेताना सांगितलेले वर्ष तिथल्या तिथे दुरुस्त करू नये. वर्षे चुकतात, पण पूर आला तेव्हा, अमुक पाळकसाहेब वारले तेव्हा अशा खुणा बरोबर असतात. त्या खुणांवरून वर्ष घरी येऊन लावावे.

आकडे आणि भांडणे

वाढ सांगताना दाखल झालेल्यांचा आकडा एकटा देऊ नये. दाखल किती, पूर्ण किती केले, आणि पूर्ण केलेल्यांपैकी किती जण मंडळीच्या सेवेत गेले, असे तीन आकडे एकमेकांशेजारी ठेवावेत. स्त्रियांचा आकडा वेगळा काढावा, आणि पहिल्या विद्यार्थिनीला कोणत्या वर्षी पूर्ण वेळ प्रवेश मिळाला ते शोधावे. पत्नींच्या वर्गातील स्त्रियांची यादी स्वतंत्र द्यावी, कारण खेड्यापाड्यांत त्यांनी केलेले काम कोणत्याच पदवीच्या यादीत येत नाही. आकडे अपुरे असतील तर तेवढीच वर्षे द्यावीत, मधली वर्षे सरासरीने भरू नयेत.

भांडणांबद्दल समितीचे म्हणणे ठरलेले असते: “ते जुने झाले, कशाला उकरायचे?” यावर माझे उत्तर असे की श्रीरामपूरच्या तिघांचे इंग्लंडमधील सोसायटीशी झालेले भांडण वगळले, तर त्यांनी राजाकडून स्वतंत्र सनद का मिळवली आणि तिच्यात कॉलेजचा ताबा त्यांच्याच कौन्सिलकडे का राहिला, हेच समजत नाही. भांडण लिहावे, मात्र दोन्ही पक्षांची पत्रे वाचून, दोघांच्याही सर्वांत चांगल्या युक्तिवादासह लिहावे. हयात व्यक्तींच्या खासगी चुका यात आणू नयेत. संस्थेच्या निर्णयाची चूक आणि माणसाची चूक या दोन गोष्टी आहेत, आणि जातीवरून, पोटजातीवरून किंवा पंथावरून आवारात पंगती वेगळ्या पडल्या असतील तर ती संस्थेची बाब आहे, ती टाळता येत नाही. आमच्या समितीने असा एक परिच्छेद गाळायला सांगितला होता. मी त्यातली विशेषणे गाळली, ठरावाचा क्रमांक आणि तारीख ठेवली, आणि परिच्छेद राहिला.

मजकूर बसवताना

प्रकरणे प्राचार्यांच्या कारकिर्दीप्रमाणे पाडू नयेत. तक्त्यातील उत्तरे जिथे बदलली तिथे पाडावीत. श्रीरामपूरचा इतिहास मी लिहीत असतो तर प्रकरणे १८१८, १८३०, १८८३ आणि १९१० या वर्षांशी सुरू केली असती, आणि १८२७ ला स्वतंत्र प्रकरण दिले नसते, कारण त्या वर्षी मिळालेली गोष्ट त्या पिढीत वापरलीच गेली नाही. प्राचार्यांची यादी शेवटी एका पानावर द्यावी. ती वाचायला नसते, बघायला असते. ईश्वरविज्ञान, दीक्षाविधी, पाळकीय सेवा हे शब्द आपल्या वाचकांना परिचित असले तरी स्मरणिका बिगर-ख्रिस्ती पाहुण्यांच्याही हाती जाते, म्हणून पहिल्या वापरात त्यांचा अर्थ वाक्यातच उलगडावा.

छपाईला देण्याआधी नावे तपासावीत. मराठी ख्रिस्ती नावांत एकच आडनाव दोन-तीन प्रकारे लिहिलेले आढळते. नोंदवहीतले रूप आणि कुटुंब आज वापरते ते रूप वेगळे असेल तर कुटुंबाला विचारावे. मजकूर दोघांना वाचायला द्यावा: एक संस्थेतले, दुसरे संस्थेबाहेरचे. त्यानंतर तक्ता, फोटो, मुलाखतींच्या ध्वनिफिती आणि लिप्यंतरे एका पेटीत आणि एका पेनड्राइव्हवर घालून ग्रंथालयात जमा करावीत, ग्रंथपालांची पोच घ्यावी, आणि पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक यादी चिकटवावी: ज्या वर्षांचे काहीच मिळाले नाही ती वर्षे, आणि ती कुठे शोधून झाली.